उंटाचे मागचे पाय

आई वारली तेव्हा मी सोळा वर्षांची होते. त्या डिसेंबरात हडपसरच्या बसमध्ये मी रडत बसले होते. शेजारचे अनोळखी काका मांडीवर गोणपाटाचा अर्धा उंट घेऊन टाके घालत होते. चर्चमधल्या तरुण मुलांचं नाताळचं नाटक ते बसवत होते.

"मागचे पाय होतेस का?" त्यांनी विचारलं.

"मी देवाशी बोलत नाही."

"उंट तरी कुठे बोलतो? शिवाय मागच्या पायांना रडताना कुणी बघत नाही."

मी गेले. नाटकात बाळ येशूच्या गव्हाणीपाशी उंटाने गुडघे टेकले. पुढचे पाय झालेला मुलगा उठला, मला उठवेना. उंट मधोमध ताणला गेला आणि लोक खो खो हसले.

"राहू दे, बाळ," काका पडद्याआडून म्हणाले. "उंटाला घाई नाही."

गोणपाटाच्या आत मी देवाशी कडाकडा भांडत होते.