आठ ठोके, आठ धागे

“मॅडम, तुमचे बदाम फेल गेले.”

प्रमोदने खुर्चीत बसण्याआधीच निकाल लावला. मागे त्याचे वडील नत्थूजी उभे होते, कापडी पिशवी छातीशी धरून. प्रमोदने माझ्या टेबलावर माझाच तक्ता ठेवला. अठ्ठावीस दिवसांच्या अठ्ठावीस रांगा. ‘बदाम-अक्रोड खाल्ले का?’ या रकान्यात सगळीकडे बरोबरची खूण. ‘झोप कशी लागली?’ या रकान्यात जवळजवळ सगळीकडे ‘तशीच’.

मी धंतोलीतल्या एका हॉस्पिटलात डाएटिशियन आहे. लोकांना वाटतं, आमचं काम म्हणजे वजन कमी करून देणं. खरं तर अर्धं काम लोक काय खातात ते शोधण्याचं असतं, कारण लोक जे खातात आणि खातो म्हणून सांगतात, त्यात बरंच अंतर असतं. हे मी शिकाऊ मुलींना नेहमी सुनावते. त्या दिवशी मात्र मीच विसरले आणि तक्त्यावर विश्वास ठेवला. तक्ता मी स्वतः बनवलेला होता, हे एक कारण असावं.

नत्थूजी उमरेडचे विणकर. वय चौऱ्याहत्तर. त्यांचा हातमाग जुन्या पद्धतीचा, खड्ड्याचा. म्हणजे जमिनीत खड्डा, विणणारा काठावर बसतो, खड्ड्यात पाय सोडून खालच्या फळ्या दाबतो आणि हाताने धोटा, म्हणजे आडव्या धाग्याची नळी, इकडून तिकडे फेकतो. मोठी कामं आता मिळत नाहीत, पण म्हातारा रोज सकाळी मागावर बसायचाच. दोन वर्षांपूर्वी झोप उडाली. गोळी सुरू झाली. आधी गोळीने झोप यायची, मग तिचाही असर कमी होत गेला. सकाळी डोकं जड राहायचं, ते मात्र कमी झालं नाही. अशाच एका सकाळी मागावर बसताना त्यांचा तोल गेला आणि ते खड्ड्यात पडले. हाड मोडलं नाही, मुक्या मारावर भागलं.

प्रमोद घाबरला. त्याचं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे, तो दिवसभर तिकडे. त्याने दोन गोष्टी ठरवल्या. बाबांना जास्त पॉवरची गोळी द्यायची आणि खड्डा बुजवून वर फरशी टाकायची.

पहिल्या गोष्टीला आमच्या डॉक्टरसाहेबांनी नकार दिला. “गोळी वाढवली तर हे आणखी पडतील. मी उलट कमी करतो. महिनाभर मॅडमचं ऐका, मग बघू.”

“अन् नाही जमलं तं?” प्रमोदने विचारलं.

“तर दुसरा उपाय शोधू.”

“मी तं खड्डा बुजवतो मग,” प्रमोद म्हणाला. शेजारी बसलेल्या नत्थूजींचा उजवा पाय जमिनीवर हळूहळू दाबला जात होता, खाली फळी असावी तसा.

मी सांगितलेलं साधं होतं. चारनंतर चहा बंद. दुपारची झोप अर्धा तास. संध्याकाळच्या जेवणाबरोबर छोटी मूठभर बदाम-अक्रोड, कवळी असल्याने जाडसर कुटून. अक्रोडात झोपेला मदत करणारं मेलॅटोनिन थोडं असतं. बदामात मॅग्नेशियम असतं, आणि शरीर ज्यातून मेलॅटोनिन बनवतं तो घटकही असतो. ही जादू नाही. काही म्हाताऱ्या माणसांना फरक पडतो, काहींना पडत नाही. पण खाऊन बघायला हरकत नसते, आणि यामुळे कोणी खड्ड्यात पडत नाही.

तर आता महिना झाला होता आणि बदाम फेल गेले होते. मी मनातल्या मनात हार मानून केस पेपर ओढला. तेवढ्यात नत्थूजी म्हणाले, “मॅडम, माहं बी पाहून घ्या.”

पिशवीतून त्यांनी विणलेला पट्टा काढला. चार बोटं रुंद, वीतभर लांब. काळ्या आणि पांढऱ्या धाग्यांचा, मध्येमध्ये बारीक राखाडी रेघ. दिसायला छान होता. मला वाटलं, भेट आणली. मी “वा, सुंदर!” म्हणून तो बाजूला ठेवायला लागले.

“सुंदर नाही जी, हिशेब आहे तो,” ते म्हणाले.

“कसला?”

“झोपेचा. प्रमोद तुमचा कागद भरून राहिला होता. त्याले काय माहीत, मी कवा जागा होतो? तो तं घोरून राहते.”

पडल्यापासून मोठ्या मागावर बसायची मनाई होती. म्हणून त्यांनी एका लाकडी फळीला खिळे ठोकले, उभे धागे ताणले आणि रोज सकाळी त्यावर आदल्या रात्रीची झोप विणली. घरात चावीचं जुनं घड्याळ आहे, तासाला ठोके देणारं. रात्री दहापासून पहाटे पाचपर्यंत ते आठ वेळा वाजतं. प्रत्येक वेळेचा एक आडवा धागा. ठोके ऐकू आले तर पांढरा, नाही आले तर काळा.

“दहा ऐकले, अकरा ऐकले, मंग एकदम दोन ऐकले, म्हणजे बाराचे न एकाचे झोपेत गेले. दोन काळे टाकाचे,” त्यांनी बोटाने दाखवलं. “राखाडी रेघ म्हणजे दिवस बदलला.”

मी बघतच राहिले. माझ्या तक्त्यात ‘तशीच’ लिहिलं होतं. इथे प्रत्येक रात्रीचा प्रत्येक तास होता. झोपेचे नमुने समजून घ्यायला डॉक्टर लोक डायरी लिहायला सांगतात आणि दहातले आठ पेशंट ती ओपीडीच्या बाकावर बसून एका दमात भरतात. या माणसाला कोणी काही सांगितलं नव्हतं. शाळा तिसरीत सुटलेली. मला स्वतःची थोडी लाज वाटली आणि त्यांचं फार कौतुक वाटलं.

मग मला पट्ट्याच्या काठाला लाल धागा दिसला. अठ्ठावीसपैकी फक्त चार दिवसांना.

“हा लाल कशाचा?”

नत्थूजींनी प्रमोदकडे पाहिलं, मग खाली. “ज्या दिवशी म्या बदाम खाल्ले, थो दिवस.”

“चारच दिवस? बाबा!” प्रमोद जागचा उठला. “मी रोज पाहून राहिलो होतो न, वाटी तुमच्याजवळ राहे!”

“वाटी राहे. पिंकी बी जवळच बसे.”

पिंकी म्हणजे प्रमोदची मुलगी, दहावीत शिकणारी.

“काहून पण?”

“काहून म्हणजे? पोरीचं दहावीचं वर्ष आहे. बदाम बुद्धीले लागते. म्हाताऱ्यानं बुद्धी वाढवून काय करावं गा? थे मामाकडे रामटेकले गेली होती, तवा चार दिवस म्या खाल्ले. थे लाल.”

प्रमोद बापावर डाफरणार होता. मी त्याला थांबवलं, कारण चूक माझी होती. महिन्याभरापूर्वीच्या चिठ्ठीवर मी स्वतःच्या हाताने लिहून खाली दोन रेघा ओढल्या होत्या: ‘फक्त आजोबांसाठी’. मला वाटलं होतं, त्यामुळे घरचे लक्ष देतील. पण ज्या घरात पोर समोर बसलेलं असताना म्हातारा एकटा चांगलंचुंगलं खात नाही, त्या घरात याच तीन शब्दांनी सगळं बंद पाडलं होतं. बदाम फेल गेले नव्हते. ते परीक्षेला बसलेच नव्हते.

पट्टा घेऊन मी डॉक्टरसाहेबांकडे गेले. त्यांनी तो चष्मा वर करून तपासला.

“हे कोणी करायला सांगितलं?”

“कोणीच नाही.”

“मग आपण सांगितलेलं कोणी केलं?”

“तेही कोणीच नाही, सर.”

ते हसले आणि आणखी एक महिना दिला. प्रमोदला म्हणाले, “तोवर खड्ड्याला हात लावायचा नाही.”

मी चिठ्ठीवरची ओळ खोडली आणि लिहिलं, ‘सगळ्यांच्या ताटात’. रोजचं परवडावं म्हणून अक्रोड थोडे, बदाम थोडे आणि भाजलेले शेंगदाणे जास्त. शेंगदाणा पुस्तकाप्रमाणे बदाम-अक्रोडांच्या वर्गात बसत नाही, पण त्याचे गुण बरेचसे तसेच असतात आणि त्याला घरात कोणी पाहुण्यासारखं वागवत नाही. नत्थूजींनी चिठ्ठी हातात घेऊन विचारलं, “पोरीच्या ताटात बी?”

“आधी तिच्या.”

“मंग खातो.”

महिन्याने ते दोघं पुन्हा आले. या वेळी प्रमोदने तक्ता आणलाच नव्हता. नत्थूजींनी नवा पट्टा मात्र आणला होता. काठाला रोज लाल धागा. पहिल्या आठवड्यात फारसा फरक नव्हता. मग मधले पांढरे धागे हळूहळू कमी होत गेले होते. दोनचे ठोके बहुतेक रात्री अजून ऐकू येत होते, पण तीन आणि चार काळे झाले होते. चहा बंद केला होता, गोळी कमी झाली होती, त्यामुळे सगळं श्रेय मी दाण्यांना देणार नाही. पण गोळी कमी होऊनही झोप वाढली होती, आणि सकाळी डोकं हलकं राहत होतं.

एका रात्रीचे आठही धागे मात्र पिवळे होते.

“ही कोणती रात्र?”

“घड्याळाले चावी द्याची राहून गेली. बंद पडलं.”

“मग झोप कशी लागली होती?”

“चांगली लागली असन. मले तसंच वाटते,” ते म्हणाले. “पण ठोके वाजलेच नाही, तं ऐकले नाही म्हणून काळं कसं टाकू? माहीत नाही त्याचा रंग वेगळा पाहिजे न, मॅडम.”

प्रमोद पट्ट्याकडे बघत होता. मग तो म्हणाला, “बाबा, खड्डा नाही बुजवत. एक पायरी बांधून देतो न भिंतीले धराले रॉड लावतो. चालते?”

नत्थूजींनी मान हलवली. “रॉड डाव्या हाताले लाव. उजव्यात धोटा राहते.”

गोळी पुढे डॉक्टरसाहेबांनी टप्प्याटप्प्याने बंद केली. त्या दिवशी तो नवा पट्टा मी केस पेपरला स्टेपल करायला गेले, तर नत्थूजींनी माझा हात धरला. पिनेने धागा तुटतो म्हणाले, आणि सुई मागून तो कागदाला स्वतः टाके घालून दिला.

माझ्या तक्त्यात आता दोन रकाने जास्त आहेत. पहिला, ‘घरात हे आणखी कोण खातं?’ दुसरा, ‘माहीत नाही’. पहिला रकाना पेशंट भराभर भरतात. दुसरा बहुतेक रिकामाच येतो, आणि तो रिकामा आला की बाकीच्या खुणा मी जरा जपूनच वाचते.