जांघेखालची चार बोटं जागा

माणसाचा देह कधी खोटं बोलत नाही, असं आम्हाला प्रशिक्षणात शिकवलं होतं. ते वाक्य मी बरीच वर्षं श्रद्धेने बाळगलं. रत्नागिरीतल्या ज्या प्रकरणाने ती श्रद्धा घालवली, ते अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. देह तेव्हाही खोटं बोलला नव्हता. त्याला काही विचारायची तसदी आम्ही घेतली नव्हती, इतकंच.

बंदराजवळच्या मासे कापायच्या एका शेडमधून सकाळी साडेदहाला ठाण्यात मालकाचा फोन आला. "साहेब, लवकर या, माझ्याकडे खून झालाय." माणूस मेलाय, असं तो म्हणाला नाही. हे तेव्हाच खटकायला हवं होतं.

पोचलो तेव्हा पस्तिशीचा एक कामगार टेबलापाशी मरून पडला होता. फरशीवरचं रक्त एकाच माणसाचं आहे, हे पटत नव्हतं. शेजारी उभा राहून काम करणारा त्याचा जोडीदार कोपरापर्यंत रक्ताने माखून भिंतीशी बसला होता. मालकाने त्याच्याकडे बोट दाखवलं. "कालच दोघांची जुंपली होती. सगळ्यांनी ऐकलंय."

पंचनाम्यात मी लिहिलं, 'डाव्या मांडीवर एक जखम.' मांडी केवढी, जखम तिच्यात नेमकी कुठे, हे लिहिलं नाही. तपास अधिकारी मीच होतो.

दुपारी आमच्या वरिष्ठांनी पत्रकारांना बोलावलं. चार तासांत खुनाचा छडा. मागे जिल्ह्याचा नकाशा, पुढे चहा-बिस्किटं, मध्ये सीलबंद पिशवीत सुरी. पिशवीत घातली की कुठलीही सुरी भयंकर दिसते. शेडमध्ये तशाच आणखी आठ होत्या.

जोडीदाराला अटक झाली, पोलीस कोठडी मिळाली. चौकशीत मी विचारलं, "भांडण कशावरून?"

"बर्फावरून, सायब. त्याने माज्या माशांवरचा बर्फ ओढलान."

"म्हणून सुरी चालवलीस?"

"मी दाबून धरलं हुतं, सायब. रगात थांबंना. मारलं असतं तर पळालो नसतो? दाराजवळ मीच हुतो."

"हुशार आहे," हवालदार म्हणाला आणि त्याने पट्टा उचलला. मी खोलीबाहेर गेलो. अधिकाऱ्याने बाहेर जाणं हा तोंडी आदेशच असतो. तो मी दिला, हे इथे लिहून ठेवतो.

दुसऱ्या दिवशी शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरबाईंकडे अहवालासाठी गेलो. वरिष्ठांचं मत मी त्यांना ऐकवलं: मांडी काही मर्मस्थान नव्हे, आरोपीला नुसती दहशत घालायची असावी, हात जास्त पडला.

"तुमच्या साहेबांना मांडी कुठे असते ते तरी माहीत आहे का?" बाई म्हणाल्या. "पट्टा सैल करा. जांघेच्या घडीत, मधोमध, बोट दाबा. काय लागतं?"

"ठोके."

"पायाची मुख्य रोहिणी. बाहेरच्या अंगाला मज्जातंतू, आतल्या अंगाला नीला. खाली चार बोटं ही तिकोनी जागा अशीच उघडी असते. वर जाड स्नायू नाही. कातडी, थोडी चरबी, पातळ पडदा, संपलं. पुढे खाली ती रोहिणी स्नायूंच्या आड जाते. याला इथेच लागलंय. जखम बोटभरसुद्धा खोल नाही. माणूस काही मिनिटांत जातो."

"मग दाबून धरलं तर?"

"जखमेच्या वर, हाडावर, सगळा भार टाकून दाबलं असतं तर कदाचित वाचला असता. पण हे कुणी शिकवलंय त्यांना? मात्र सुरी कुणाच्या हातात होती, ते मला जखमेवरून सांगता येणार नाही."

ठाण्यात परतलो तर आरोपीची आई डबा घेऊन पायरीवर बसली होती. बाजारात मासे विकणारी बाई. मला पाहून उठली नाही.

"सायब, माज्या पोराची मांडी बघितलीत काय?"

"मांडी?"

"आमी विळीवर बसतो. पातं जागेवर, फिरतो तो मासा. चाळीस वर्सांत बोटं कापली, मांडी नाय. शेठनं ह्यांच्या हातात लांब सुऱ्या दिल्यान आनि म्हनतो, पोटाकडे ओढा. येवडी मोटी गेदर मासळी, काट्यावरून सुरी सटकली की जाईल खंय? तुमच्यात कोन मासे खातो की नुसतं भाताबरोबर गिळता?"

आरोपीला उभं केलं. डाव्या मांडीवर, जांघेच्या थोडं खाली, जुना व्रण होता. तसाच शेडवर गेलो. उरलेल्या सात जणांना एका खोलीत नेऊन पॅन्ट खाली करायला लावली. पाच जणांच्या डाव्या मांडीवर, त्याच चार बोटांत, व्रण.

"माजे दोन हायत," एक जण म्हणाला. "दुसऱ्या टायमाला शेठ बोलला, बाहेर बोललास तर उद्या येव नको." मग हळूच म्हणाला, "काल त्याची त्यालाच लागली, सायब. मी समोर हुतो."

"माझ्या शेडमध्ये कपडे काय उतरवता?" मालक ओरडत आत आला.

"कपडे परत घालता येतात," मी म्हणालो.

त्याच्या ऑफिसच्या कपाटात नऊ जाड संरक्षक ॲप्रन निघाले. एकावरही माशाचा डाग नव्हता. सरकारी तपासणीच्या दिवशी ते खुंट्यांवर लटकत. एरवी घातले की हात मंद चालतो, असं मालकाने जबाबात सांगितलं. अगदी सरळ चेहऱ्याने. त्याला खून हवा होता, कारण अपघात त्याच्या नावावर लागला असता.

वरिष्ठांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "आता पत्रकारांना काय सांगायचं?"

मालकावर निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल झाला. आरोपीविरुद्ध पुरावा नसल्याचा अहवाल न्यायालयात गेला, त्याला सोडण्यात आलं. या प्रकरणाने काय शिकवलं, असं लोक विचारतात. सहा माणसं महिनोन्‌महिने तोच पुरावा अंगावर घेऊन या गावात फिरत होती. एका बाईने बघायला सांगेपर्यंत आम्ही तो बघितला नाही. मला अजून राग येतो. मालकाचा कमी, त्या बंद दाराबाहेर उभ्या राहिलेल्या माणसाचा जास्त.

जोडीदार सुटला त्या दिवशी ठाण्यात त्याचा मोबाइल आणि चपला परत दिल्या. उजव्या हाताची बोटं अजून सुजलेली असल्याने पावतीवर सहीऐवजी त्याने डाव्या हाताचा अंगठा दिला. पावतीवर मजकूर होता: 'वस्तू मिळाल्या. पोलिसांविरुद्ध माझी कोणतीही तक्रार नाही.' तो छापीलच असतो.