उकळी आल्याशिवाय स्टोव्ह द्यायचा नाही

माझा मुलगा पुण्याला कॉफीची मशीन बनवतो. घरात ठेवायची मशीन, हॉटेलातली नाही. पाणी किती गरम, दाब किती, धार किती वेळ, हे मोबाइलवर एकदा ठरवून ठेवायचं. मग बटण दाबलं की रोज तशीच कॉफी. दोन मित्रांबरोबर त्याने हे काम काढलं आहे. यंदा अक्षय तृतीयेला गेलेल्या बापाच्या नावाची घागर भरायला तो इथे भंडाऱ्याजवळ शहापूरला आला, तेव्हा एक मशीन माझ्यासाठी घेऊन आला. मी कॉफी पीत नाही हे त्याला ठाऊक आहे. तरी आणली.

ओट्यावरची मिक्सरची जागा गेली. कॉफी निघाली ती औषधाच्या झाकणाएवढी आणि काढ्यासारखी कडू.

"कशी आहे माय?"

"ताप उतरते का यानं?"

तो हसला. पण मशीनमधून वाफ सुटली तेव्हा मी हातातलं काम सोडून वळले. पंप मारलेला पितळी स्टोव्ह पेट घेताना असाच आवाज करायचा. गॅस आल्यापासून तो आवाज माझ्या घरात नव्हता.

माझा नवरा स्टोव्ह दुरुस्त करायचा. सायकलच्या मागे पत्र्याची पेटी, पेटीत पिना, बर्नर, चामड्याचे वायसर. वायसर गोड्या तेलात भिजवून ठेवायचा, त्याचा वास त्याच्या सदऱ्यांना कायम असे. धुतला तरी जात नसे. जवळचे बाजार सायकलवर व्हायचे. एकोडीसारखा लांबचा बाजार असला की सायकल एसटीच्या टपावर चढायची.

दुरुस्त झालेला स्टोव्ह तो गिऱ्हाइकाला लगेच देत नसे. पेटवून त्यावर चहाची किटली ठेवायचा. उकळी येईपर्यंत ज्योत निळी राहिली, मध्येच भडकली नाही, तरच स्टोव्ह हातात द्यायचा. तो चहा मग गिऱ्हाइकाला, शेजारच्या मिरचीवालीला, जो बसला असेल त्याला. त्याचे पैसे घेत नसे. पत्ती-साखर माझ्या डब्यातून जायची, त्यावरून आमची भांडणं व्हायची.

"पाणी उकळलं तरी समजतेच ना," मी म्हणायची. "चहा कायले पाहिजे?"

"नुसत्या पाण्यापाशी कोण बसते? चार जणं बसले पाहिजेत. चार जणांनी पाह्यलं म्हणजे स्टोव्ह पक्का."

असल्या माणसाशी काय भांडायचं. तरी मी भांडायची.

पुढे घरोघर गॅस आला आणि स्टोव्ह माळ्यावर गेले. पेटी आमच्या खाटेखाली गेली. तो एका हार्डवेअरच्या दुकानात कामाला लागला. तिथे खिळे मोजून द्यायचे आणि गिऱ्हाइकाने निघून जायचं. त्याला तिथे करमलं नाही. आता त्याला जाऊनही बरीच वर्षं झाली.

घागर भरली त्याच दुपारी मुलाला त्याच्या कंपनीतल्या मुलीचा फोन आला. मशीनच्या खोक्यात एक कागद टाकतात, मशीन बनवणारा कोण, कुठला, हे सांगणारा. त्यासाठी मुलाने बापाचा बाजारातला एक जुना फोटो पाठवला होता. फोन स्पीकरवर होता, तिने लिहिलेलं मलाही वाचून दाखवलं. "भंडारा जिल्ह्यातल्या एका चहावाल्याचा हा मुलगा. वडिलांच्या टपरीवर, उकळत्या चहाच्या वासात तो वाढला."

"कोण चहावाला?" मी विचारलं.

"आजी, फोटोत स्टोव्हवर किटली आहे ना. मला वाटलं..."

मुलाने "थोड्या वेळाने करतो" म्हणून फोन ठेवला. "माय, राहू दे ना. कागद उद्या छापाले जाऊन राहिला. लोकांले असंच वाचाले आवडते. चहावाला म्हटलं काय, स्टोव्हवाला म्हटलं काय, बाबाले आता काय फरक पडते?"

"त्याले नाही पडत. मले पडते. तुह्या बापानं जन्मात एक कप चहा विकला नाही. विकला असता तर माह्या हातात पाटल्या असत्या."

तो उठून बाहेरच्या खोलीत गेला. भंडाऱ्याच्या एका डॉक्टरसाठी त्याने दुसरी मशीन आणली होती. ती खोक्यातून काढून, पाणी भरून तो कॉफी काढत बसला. मी दारात उभी राहिले.

"लोकाची मशीन काहून उघडली?"

"प्रवासात हलली असंल. पाहून घेतलेलं बरं. आमच्याकडून एकही मशीन कॉफी काढल्याशिवाय जात नाही."

"अन् ते कॉफी?"

"पोट्टे पितात, वॉचमन पितो. बाजूचा शिंपी तर येऊनच बसते. रात्रभर झोपत नाही म्हणून त्याची बायको भांडते त्याच्याशी."

"बरोबर करते ते."

तो हसायला लागला आणि मध्येच थांबला. कप त्याच्या हातात होता. पुसायचं फडकं त्याने मशीनवर टाकलं. मग त्या मुलीला त्यानेच फोन लावला आणि टपरी काढून टाकायला सांगितलं. पुढचं तिने मलाच विचारलं.

"आजी, 'दाबावर चालणाऱ्या उपकरणांचे तंत्रज्ञ' असं लिहू का?"

"स्टोव्हवाला लिही. बाजारात लोक त्याला याच नावानं शोधायचे."

"इतकंच?"

मी थोडा विचार केला. "उकळी आल्याशिवाय स्टोव्ह देत नव्हता, हेही लिही."

तिने तसंच लिहिलं. छापलेला कागद मुलाने पाठवला, तो मी स्टोव्हच्या पेटीत ठेवला आहे.

कॉफी मी अजूनही पीत नाही. शेजारच्या बाया दुपारी येतात, तेव्हा बटण दाबते. एक घोट घेऊन तोंडं वाकडी करतात आणि मला नावं ठेवतात. पण बसतात.