धास्तीमास्तरांची डबी

कुत्रं मोकळं सोडायला शिकवणं हा ज्याचा धंदा, त्या माणसाला कुत्रं मोकळं सोडायचीच धडकी भरावी, याला काय म्हणावं? पट्ट्याचा आकडा काढताना मास्तरांचे हात थरथरत. आकडा निघाला की ते डोळे मिटून घेत आणि कुत्रं परत येईपर्यंत तोंडातल्या तोंडात पुटपुटत राहत. देवाचं नाव घेत असतील असं मला वाटायचं. एकदा जवळ जाऊन ऐकलं, तर "रस्ता, विहीर, बिबट्या, औषध" असा जप चालला होता. संकटांची नावं आधीच घेऊन ठेवली की ती आपल्या वाट्याला येत नाहीत, असा त्यांचा हिशेब. माझ्या सासूबाईंनी त्यांचं नाव धास्तीमास्तर ठेवलं आणि ते आमच्या वस्तीवर कायमचं चिकटलं.

मास्तर मूळचे चांदवडकडचे. पंचवटीत एका खोलीत एकटे राहत आणि सातपूरच्या कारखान्यांत रखवालीची कुत्री शिकवत. आमच्या दिंडोरीच्या मळ्यावर ते आले चिंगीमुळे. नव्वदच्या दशकातली गोष्ट. माझा दीर मुंबईत ज्या परदेशी साहेबाकडे होता, तो साहेब मायदेशी निघाला आणि जाताना आपली कुत्री दिराच्या गळ्यात मारून गेला. दिराने ती आमच्या गळ्यात मारली. बासेंजी जातीची, मूळ आफ्रिकेकडची. तांबूस अंग, पांढरे पाय, जिलबीसारखी वळलेली शेपटी आणि कपाळावर सदा आठ्या. मांजरासारखी स्वतःला चाटून लख्ख ठेवायची. भुंकायची मात्र नाही. फारच झालं तर गळ्यातून असा काही उंच सूर काढायची, की सासूबाईंच्या हातातलं लाटणं पडायचं.

मी त्या घरात नवी होते. नवरा दिवसभर द्राक्षांच्या बागेत, सासूबाई त्यांच्या कामात, आणि माझं नाशिकचं बोलणं ऐकून गडीमाणसंही हसायची. चिंगी हसायची नाही. दुपारी ओट्यावर माझ्या पायाला पाठ लावून बसायची आणि मी काय काय बडबडायचे ते आठ्या घालून ऐकायची. खरं सांगते, त्या घरात माझं असं तिच्याशिवाय काही नव्हतं.

त्या साली बागेत घुशींनी उच्छाद मांडला. वेलींच्या मुळांशी बिळं केली, ठिबकच्या नळ्या कुरतडल्या. माझ्या सासऱ्यांना सगळे नाना म्हणत. नानांनी एकदाच सांगितलं: ऑक्टोबरच्या छाटणीआधी बिळांत विषाचं औषध टाकायचं, आणि बागेत विष पडलं की कुत्रं मळ्यावर ठेवता येणार नाही. दिराने फोनवर सांगितलं, की ही जात घुशी मारण्यात पटाईत आहे, फक्त तिला मोकळं सोडावं लागेल. नाना म्हणाले, सोडा की, पण सोडल्यावर ती परत येत नाही त्याचं काय? खरंच होतं ते. सुटली की चिंगी डोंगराकडे तोंड करायची, आणि मग गड्यांनी दोन-दोन तास तिला हुडकावं. नानांनी मुदत घातली छाटणीपर्यंतची. तोवर शिकली तर ठीक, नाहीतर तिची रवानगी.

म्हणून मास्तर दर रविवारी आपल्या लुनावरून यायला लागले. सुरुवातीला त्यांनी कारखान्यातल्या कुत्र्यांसारखे हुकूम सोडून पाहिले. चिंगी त्यांच्याकडे शांतपणे बघायची आणि जांभई द्यायची. मास्तरांनी कपाळाला आठ्या घातल्या, तिच्या तर होत्याच, आणि दोघं बराच वेळ एकमेकांकडे बघत उभे राहिले. शेवटी मास्तर मला म्हणाले, "ताई, हिला हुकूम चालायचा नाय. हिच्याशी वेव्हार करावा लागंल."

त्या वेव्हाराची डबी पुढच्या रविवारी आली. औषधाची जुनी पत्र्याची डबी, आत सुक्या बोंबलाचे तुकडे. डबी खुळखुळली की तुकडा. सासूबाई माळकरी, त्यांनी नाकाला पदर लावून मास्तरांना गोठ्यापलीकडे उभं राहायला लावलं. मास्तरांना त्याचं काही नाही. त्यांचा एकच कडक नियम: डबी खोटी वाजवायची नाही. वाजली म्हणजे काहीतरी द्यायचंच. आपण एकदा फसवलं की तिच्या लेखी डबी मेली. मी एकदा कौतुकाने उगाच वाजवून दाखवली, तर त्यांनी ती माझ्या हातून काढून घेतली आणि धावत आलेल्या चिंगीला आधी तुकडा दिला, मग माझ्याशी बोलले.

आधी लांब दोरी, मग आखूड, मग नुसती गळ्यात लोंबणारी वीतभर सुतळी, म्हणजे तिला आपण बांधलेलोच आहोत असं वाटावं. भुंकत नाही म्हणून गळ्यात एक घुंगरू. "घुंगरू ऐकू येतंय तवर श्वास घ्यायचा," मास्तर म्हणत. आणि घुंगरू थांबलं, की खरोखरच त्यांचा श्वास थांबलेला दिसे. ऑगस्टअखेर चिंगी वेलींच्या रांगांमधून घुशी उचलायला लागली. मानेला धरून एक झटका, की काम संपलं. आम्ही चहा करून मास्तरांना बसा म्हणायचो. पण ऊन कललं की त्यांची घालमेल सुरू व्हायची, आणि चहा अर्धा टाकून ते पंचवटीला पळायचे. नानांनी त्यांना मळ्यावरच खोली देऊ केली होती. त्यांची खोली गळकी, घरमालक कटकट्या, तरी नको म्हणाले. सासूबाई म्हणाल्या, एकट्या माणसाची घरी कोण वाट बघतंय एवढी?

छाटणी तोंडावर आली तशी नाना स्वतः बघायला आले. चिंगीने त्यांच्यासमोर बिळातून घूस ओढून काढली, आणि मला आनंदाने रडू यायच्या बेताला बांधावरून ससा उठला. ती गेली. शेजारच्या उसात शिरली, घुंगरू दूर दूर गेलं आणि थांबलं. त्याच उसातून आठवड्यापूर्वी बिबट्याने शेळी नेली होती. गडी हाका मारायला लागले, मी तर तिचं नाव घेऊन किंचाळत होते. शांत स्वभावाचे मास्तर तेव्हा सगळ्यांवर ओरडले, गप्प बसा म्हणून. मग मला समजावलं, "हाका मारल्या की तिला कळतं आपण कुठं हाय. मग तिला घाई राहत नाय. गप राहा. तिनं आपल्याला शोधलं पायजे."

त्यांनी अंगातला सदरा काढला, ती जिथून पळाली त्याच जागी बांधावर अंथरला आणि शेजारी बनियनवर बसून राहिले. जिथून सुटतं तिथंच परत येतं, तिथं आपला वास पाहिजे, एवढंच म्हणाले. नाना घराकडे निघून गेले. मी बसले. ऊन चढलं, उतरलं. उसात कुठे पान हललं तरी मी उठून बघायचे. मास्तरांचा जप चालूच होता. मला राहवलं नाही, म्हटलं, मास्तर, एवढी भीती वाटते तर हा धंदा धरलात कशाला?

ते उसाकडे बघतच बोलले. "माझा पोरगा, रमेश, असाच उशिरा आला व्हता घरी. चार दिवस कुठं व्हता, सांगंना. मी दारातच पट्टा उगारला त्याच्यावर. आला तसा मागं फिरला. वरसं झाली." मग अंथरलेल्या सदऱ्याची कड सरळ करत, "म्हून ती खोली सोडत नाय."

संध्याकाळचा कांदा घेऊन जाणारा ट्रॅक्टर रस्त्याने गेला, आणि तेवढ्यात पाठीमागून कोणीतरी माझ्या कोपराला नाक लावलं. चिंगी. उसातून नाही, भलतीकडूनच आलेली. कान फाटलेला, आणि घुंगरात चिखल गच्च भरलेला, म्हणून ते मुकं झालं होतं. ती सरळ जाऊन सदऱ्यावर बसली. दिवसभराची भीती माझ्या हातात उतरली, मी तिला एक ठेवून देणार, तोच मास्तरांनी माझं मनगट धरलं.

"आल्यावर रागवायचं नाय, ताई. कितीबी उशिरा येऊ दे. कुठं व्हती, इचारायचं नाय. आधी खायला द्यायचं."

त्यांनी डबी वाजवली. हात इतका कापत होता की वाजवायची गरजच नव्हती. आम्ही तिला घेऊन घरी आलो तेव्हा नाना ओट्यावर होते. तिच्या कानाकडे बघून म्हणाले, परत येतीये ना, मग राहू द्या औषध.

चिंगी आमच्याकडे पुष्कळ जगली. तिने त्या बागेत विष येऊ दिलं नाही. मला मुलं झाली, मोठी झाली, उशिरा घरी यायला लागली, आणि दारात उभी राहून मी तोंडातल्या तोंडात रस्ता, विहीर असा जप करायला लागले. मुलं आली की ताट वाढायचे. प्रश्न दुसऱ्या दिवशी.

मास्तर थकले तेव्हा दोन हजार साल मागे पडलं होतं, चिंगीही गेली होती. त्याच गळक्या खोलीत ते अंथरुणाला खिळले. नाशिकला गेले की मी डबा घेऊन जायचे. अशाच एका दुपारी त्यांना दोन घास भरवून मी भांडी आवरत होते, तर उघड्या दारात एक माणूस येऊन उभा राहिला. चाळिशीचा, कानशिलं पिकलेली, हातात पिशवी. कपाळावरच्या मास्तरांसारख्याच आठ्या बघून मी रमेशला ओळखलं. तो उंबऱ्याच्या आत येईना.

एवढ्या वर्षांचं साचलेलं, आता हे काय बोलतात? मास्तर त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांचा हात सवयीने सदऱ्याच्या खिशाकडे गेला. चिंगी गेल्यावरही ती डबी, तळाशी उरलेल्या एका वाळक्या तुकड्यासकट, ते जवळच ठेवत. बोटं कापत होती, आणि डबी आपोआप खुळखुळली.

मास्तरांनी घाबरून माझ्याकडे पाहिलं. डबी वाजली होती, आणि जेवणाचा डबा तर आम्ही संपवला होता.

मी उठले आणि स्टोव्हवर भात टाकला.