आप्पांची घोंगडी

उन्हात तापलेल्या लोकरीचा आणि चिंचोक्याच्या खळीचा उग्र, मातकट वास आला, की मला जवळा बाजारचा आठवडी बाजार आठवतो. आणि लिंबाखाली काळी घोंगडी अंथरून बसलेले आमचे आमदार, आप्पा. मेंढपाळाच्या घरातले आप्पा नव्वदच्या दशकात विधानसभेत गेले, पुढे राज्यमंत्री झाले. पण बाजारादिवशी लोकांना भेटत ते त्या घोंगडीवरच. वाडवडिलांच्या काळी पंच अशाच घोंगडीवर बसून न्याय करीत. “घोंगडीवर बसून खोटं बोलायचं न्हाई,” आप्पा म्हणत, “ती आमची शपथच हाय.”

एकदा एक इंजिनिअर पुलाचे काम झाल्याचे सांगू लागले. आप्पा सरकले. “इथं टेका, अन् बराबर सांगा.” इंजिनिअर याच मुलखातले. “उभ्यानंच बरं आहे, साहेब,” ते पुटपुटले. सारा बाजार खदखदून हसला. पुढच्या उन्हाळ्यात मात्र पूल खरोखर पुरा झाला.

मी शाळेत मराठी शिकवी आणि आप्पांची भाषणे लिही. त्यांच्या शेवटच्या निवडणुकीत मी लिहिले, ‘यंदा मुलींचे कॉलेज जवळ्यात येणारच.’ आप्पांनी कागद परत दिला. “लई गोड लिवलं, बाई. पण मुंबईत कॉलेज नामंजूर झालंय. हे घोंगडीवर कसं बोलू?”

कार्यकर्ते हवालदिल झाले. “आप्पा, आजच्या दिवस खुर्चीवर बसा. कॉलेजबिगर सीट जाते!”

“काहून? खुर्ची काय खोटं बोलायलाच केली व्हय?”

त्याच दुपारी शेळी विकायला आलेल्या एका बाईने भर बाजारात विचारले, “आप्पा, माह्या लेकीचं कॉलेज यंदा व्हतंय न्हवं?”

“न्हाई, माय. लई भांडलो. यंदा न्हाई जमलं.”

बाई शेळीचा दोर धरून पुढे सरकली. 

आप्पा निवडणुकीत पडले. लाल दिव्याची गाडी गेली, मागची गर्दी पांगली. पुढच्या बाजारी मी लिंबाकडे गेले, तर घोंगडी होती तिथेच, आणि शेतातल्या बांधाची तक्रार घेऊन आलेले दोघे भाऊ तिच्यावर आप्पांशेजारी टेकलेले. ते उठून गेल्यावर मी पुढे झाले. म्हटले, “आप्पा, मला तुमचा फार अभिमान वाटतो.”

माझे बोलणे समजूत घालण्यासाठी आहे की मनातले, हे जोखत त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिले. मग थोडे सरकले, शेजारची लोकर तळव्याने झटकली आणि म्हणाले,

“बसा.”