अवधूतरावांचं विलायती कपाट

माणसाने थापा माराव्यात, माझं काही म्हणणं नाही. मी दुकानदार आहे. नव्या तांदळाला जुना म्हणत माझा जन्म गेला. पण थापेतून निदान पोटाला दोन घास तरी मिळावेत! आमच्या समोरच्या अवधूतरावाची थाप नुसती काचेच्या कपाटात बसून असायची, आणि ती पुसायला रोज स्वच्छ फडकं लागायचं.

हा गृहस्थ मुंबईत कुठल्याशा गोऱ्या कंपनीत कारकून होता. सत्तेचाळीस साली साहेब लोक चंबूगबाळं आवरून गेले, कंपनीला टाळं लागलं, आणि हा मांडीवर एक खोका घेऊन महाडला परत आला. त्या खोक्यात काय होतं ते पुढे नऊ-दहा वर्षांत चवदार तळ्यापासून बाजारपेठेपर्यंत सगळ्यांना तोंडपाठ झालं. व्हिस्की ओतून ठेवायची पैलूदार काचेची सुरई. तिला हा 'डिकँटर' म्हणे. दोन जाड बुडाचे ग्लास. खिशात ठेवायची चपटी चांदीची कुपी, जिची चांदी खाली पितळ दाखवत होती. आणि बर्फ उचलायचा चिमटा. महाडात बर्फ! हा त्या चिमट्याने खडीसाखर उचलून तोंडात टाकायचा.

शिवाय चौदा इंग्रजी पुस्तकं, चामड्याच्या पुठ्ठ्याची. पानं छापखान्यातून आली तशी एकमेकांना जोडलेली, कुणी कापलीच नव्हती. एकदा आमच्या हेडमास्तरांनी त्यातलं एक कडेने फाकवून पाहिलं, तर ते घोड्यांच्या खुरांच्या रोगांवर निघालं. "विषय गहन आहे," हा म्हणाला. साहेबाने हे सगळं गळ्यात पडून दिलं म्हणे. घरात नाही दाणा आणि मला बाजीराव म्हणा!

रोज संध्याकाळी पाचला दरबार भरायचा. ओटीवर वेताची खुर्ची, मांडीवर एक पुस्तक, हातात ग्लास. सुरईतून बोटभर तांबूस पाणी ओतायचं, उजेडासमोर धरायचं, डोळे मिटून घोट घ्यायचा आणि "आहाहा" करायचं. तेव्हा मुंबई राज्यात दारूबंदी होती. डॉक्टरच्या चिठ्ठीवर सरकार परमिट द्यायचं, त्याच्यावरच काय ती मिळायची. कुणी म्हणालं, "अवधूतराव, घोटभर आम्हालाही," की हा मान हलवायचा. "परमिटावरची आहे, दुसऱ्याला दिली तर गुन्हा होतो." कायदासुद्धा या माणसाच्या कद्रूपणाच्या कामी आला.

घर चालवायची त्याची बायको. सरोजबाई मुलींच्या शाळेत शिकवायच्या, तेही हंगामी. दर वर्षी नेमणूक नव्याने. आणि सुरई भरायच्याही त्याच. चहाची पूड कोण किती नेतं हे दुकानदाराला कळतं हो. दोन माणसांच्या घरात चौघांची पूड जायची. एकदा मी सहज म्हटलं, "बाई, पाहुणे आहेत वाटतं?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुडी बांधायला लागलो. मला माहीत होतं आणि मी गप्प होतो. त्याच्यासाठी नव्हे, बाईंसाठी; त्याच्यासाठी मी घटकाभरही गप्प बसलो नसतो.

सत्तावन्न सालच्या माघात अवधूतरावाच्या नात्यातला दत्ताराम दरबारात येऊन बसला. भातशेतीचा मालक, पण उमेदीची आठ वर्षं मुंबईच्या गोदीत घालवलेला. त्याने नाक पुढे केलं.

"अवधूतराव, हिला वास कसा येत नाय? मी गोदीत फुटक्या पेट्या उतरवल्यात. वास कोसभर जातो!"

"उंची मालाला वास नसतो," हा म्हणाला.

"मग आमच्या घरात रोज उंची माल उकळतो. बायको त्यात गवती चहा टाकते."

ओटी हसली, समोर दुकानात मी हसलो. आठ दिवस अवधूतराव बाहेर दिसला नाही. मला वाटलं, चला, सुटल्या सरोजबाई. पण लाज वाटायला आधी ती असावी लागते.

नवव्या दिवशी, रविवारी सकाळी, फौजदार आला. बरोबर हवालदार गोमाजी. मला दुकानातून पंच म्हणून उठवलं, दुसरा पंच शेजारचा शिंपी. निनावी अर्ज आला होता. महाडात त्याचं नवल नाही. आमच्याकडे शेजाऱ्याशी भांडण्याआधी अर्ज करतात. फौजदाराने वाचून दाखवला: सदर गृहस्थाचे घरी अत्यंत उंची स्कॉच मद्याचा साठा विनापरवाना असून पत्नी शाळामास्तरीण आहे, तरी सरकारने दखल घ्यावी.

अवधूतराव घाबरला असेल असं वाटलं ना? छे! लग्नाला निघाल्यासारखा रेशमी सदरा घालून तयार. कपाट स्वतः उघडलं, सुरई स्वतः पुढे केली.

"होय साहेब, स्कॉच. आता लपवून काय उपयोग?"

"परमिट?"

"नाही," हा म्हणाला, आणि दारात जमलेल्या लोकांकडे बघून घेतलं. दत्ताराम कुठे दिसतोय का, हेच शोधत असणार.

सरोजबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. "साहेब, तो चहा आहे. काल मी केलेला."

"घाबरलीय ती," अवधूतराव म्हणाला.

"घाबरलेच आहे. येत्या एक तारखेला मला कायम करणार आहेत. दहा वर्षं थांबलेय मी. दारूच्या केसमधलं घर म्हटलं की शाळा मला दारात उभी करणार नाही. चहा आहे हो तो!"

फौजदार वाईट नव्हता. पण म्हणाला, "बाई, मालक स्वतः दारू म्हणतोय. मला जप्त करून मुंबईला तपासायला पाठवावीच लागेल. निकाल यायला तीन-चार महिने. तोवर केस."

मी सुरई हुंगली. "चहाच आहे. माझ्याच दुकानचा."

"मीठ-मिरची विकणाऱ्याला स्कॉचमधलं काय कळतंय?" ओटीवरच्या खुर्चीत बसत अवधूतराव म्हणाला.

तेवढ्यात सरोजबाईंनी माझ्या हातातून सुरई घेतली, ग्लास काठोकाठ भरला आणि सगळ्यांदेखत घटाघटा प्यायल्या. पदराने ओठ पुसले. "आता बघा, चढते का."

आता तरी या माणसाने मान खाली घालावी की नाही? तो हसला. "बघितलंत साहेब? सवय आहे तिला. रोज माझ्याआधी हीच घेते."

गोमाजी हवालदार पुटपुटला, "काय मानूस हाय का कोन!" फौजदाराचा चेहरा पडला. आरोप झाला की तोंड हुंगायचं, तसा रिवाज. तो खाली बघत म्हणाला, "बाई, माफ करा." आणि ती चाळिशीची बाई, जिच्यापुढे गावातल्या निम्म्या मुली हात जोडून उभ्या राहतात, ती स्वतःच्या ओटीवर परक्या पुरुषासमोर तोंड उघडून उभी राहिली. मी भिंतीकडे बघितलं. नऊ वर्षं पुडी बांधत गप्प राहिलो, त्याचं मला त्या क्षणी जे काही वाटलं ते सांगण्यासारखं नाही.

"चहा," फौजदार म्हणाला. "लिहा पंचनाम्यात. गुन्हा नाही."

तो निघाला, तेव्हा सरोजबाई म्हणाल्या, "साहेब, तो अर्ज बघू द्या."

त्यांनी तो वाचला. दोनदा वाचला. माझ्या हातात दिला. मीही ओळखलं, त्याच अक्षरातल्या वाणसामानाच्या याद्या माझ्या दुकानात येतात.

"खोट्या अर्जाला शिक्षा असते का हो?" त्यांनी विचारलं.

"असते. पण करणारा सापडायला हवा."

"मग लिहून घ्या. अर्जदार समोर खुर्चीत बसलाय. वीस वर्षं बघतेय मी हे अक्षर. साक्षीला मी येते, मामलेदारांपुढे, कोर्टात, म्हणाल तिथे."

नवरा खोटारडा म्हणून कुणाची नोकरी जात नाही. जात असती तर महाडातल्या सगळ्या शाळा ओस पडल्या असत्या. हे त्यांना ठाऊक होतं, आणि अवधूतरावालाही कळलं. तो खुर्चीतून उठला. रेशमी सदरा पाठीला चिकटला होता.

"अगं, काय बोलतेस! साहेब, चहाच होता हो! आईशप्पथ चहा! नऊ वर्षं चहाच!"

दारातली माणसं ऐकत होती. आता दत्तारामही येऊन उभा होता. सरोजबाईंनी नवऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. गोमाजीला बसायला पाट दिला, स्वतःची दौत-टाक आणून पुढे ठेवली आणि जबाब सांगायला लागल्या. वर्गात शुद्धलेखन घालतात तसा, सावकाश, एकेक शब्द सुटा.

शेवटी पंचांच्या सह्या झाल्या. पहिली माझी. इतक्या आनंदाने मी आजवर कुठे सही केली नाही.