खालच्या तारेच्या सात पट्ट्या

मंडळी, आधीच सांगून टाकतो — भुताखेतांशी माझं काही देणंघेणं नाही. बी.एस्सी. इलेक्ट्रॉनिक्स केलंय. कुणाच्या अंगात आलं की मी चहा प्यायला उठून जातो, आणि त्यावरून घरात बोलणीही खातो. असले अनुभव लिहिणाऱ्यांची मी भरपूर टिंगल केलेली आहे. आता तुम्ही माझी करा. माझी हरकत नाही, फक्त शेवटपर्यंत वाचून करा.

हिंगोली जिल्हा वेगळा झाला, त्यानंतर चारेक वर्षांनी घडलेली ही गोष्ट. वसमतला मोंढ्याच्या बाजाराजवळ हळदीच्या एका गोदामावरच्या खोलीत माझा रेकॉर्डिंग स्टुडिओ होता. स्टुडिओ म्हणजे काय... एक कॉम्प्युटर, एक कीबोर्ड, एक बरा माइक आणि आवाज घुमू नये म्हणून चारी भिंतींना ठोकलेला हळदीचा बारदाना. दिवसभर काम करून खाली उतरलो की शर्ट पिवळा. चहावाला रोज विचारायचा, "काय राव, हळद लागली का आज?"

भजनं, शाळांची स्वागतगीतं, दुकानांच्या जाहिराती असं काम चालायचं. गाण्यामागे व्हायोलिनचा ताफा हवा असला तर माझ्याकडे सीड्यांवर आलेली एक परदेशी लायब्ररी होती. ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो — खऱ्या वादकाकडून एकेक सूर सुटा वाजवून घेतात, रेकॉर्ड करतात आणि कीबोर्डच्या एकेका पट्टीवर बसवतात. पट्टी दाबली की तो सूर वाजतो. त्या सीड्यांमधली व्हायोलिनं एकदम झकास होती, पण आपल्या अभंगामागे लावली की कोट-टाय घालून पंगतीत बसल्यासारखी वाटायची. म्हटलं, आपली लायब्ररी आपणच बनवू. आणि वादक म्हणून माझ्या डोळ्यांपुढे एकच माणूस आला.

गुरुजी. आमच्या पुसेगावचे, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले. मला पेटी त्यांनीच शिकवली. पंचक्रोशीत कुठेही भजन असो, नाटक असो, गुरुजी आपलं फिडल काखेत मारून हजर. व्हायोलिन हा शब्द त्यांनी कधी वापरला नाही. माझा बेत असा, की एकट्या गुरुजींना प्रत्येक सूर आठ-आठ वेळा वाजवायला लावायचा आणि ते आठ आवाज एकावर एक ठेवायचे, की झाला ताफा तयार. काकू, म्हणजे गुरुजींची बायको, ऐकून हसत सुटली. "मला घरात एक सांभाळवत न्हाई, अन् तू आठ करून राहिला व्हय रे?"

गुरुजी वसमतला आले आणि तीन दिवस राहिले. पण अडचण वेगळीच निघाली. त्यांना सुटा सूर वाजवताच येईना! सा धरला की दोन मात्रांत रेकडे वळायचे, तिथून गत, म्हणजे अख्खी सुरावटच सुरू. मी थांबवायचो. ते कळवळून म्हणायचे, "अरे पोरा, एकटा सूर कसा वाजवू? त्याला मागंपुढं कोनी नको का?" शिवाय गज ओढण्याआधी नाकातून एक लांब श्वास घ्यायची त्यांची सवय. तो माइकमध्ये यायचा. मी प्रत्येक सुराच्या सुरुवातीचा श्वास कापून काढत होतो, शेकडो वेळा.

आम्ही वरच्या तारेपासून खाली येत होतो. तिसऱ्या दिवशी दुपारी सगळ्यात खालची, जाड तार राहिली होती. ती सुरात लावताना तटकन तुटली. त्याआधीच्या तासाभरात ते चार वेळा गतीत घुसले होते. माझं डोकं फिरलेलं. मी खेकसलो, "गुरुजी, मला गाणं नकोय, नुसता आवाज पाहिजे! एवढंही जमत नाही का?" त्यांनी गज खाली ठेवला. फिडल पेटीत ठेवलं, टोपी घातली. दारात एवढंच म्हणाले, "नांदेडहून तार मागवतो. पुढच्या खेपेला खालचं भरू." ज्या माणसाने मला सा कुठला ते दाखवलं, त्याच्याशी मी असं बोललो. आजही लाज वाटते.

खालच्या तारेच्या सात पट्ट्या कोऱ्या राहिल्या. दाबल्या तर काहीच वाजत नव्हतं.

पंधरा दिवसांत गुरुजींना लकवा मारला. उजवी बाजू गेली, म्हणजे गजाचा हात.

दोनेक महिन्यांनी काकूचा एसटीडी बूथवरून फोन आला. डॉक्टर म्हणाले होते, हाताला रोज व्यायाम द्या, आत्ता दिला तर हात येईल, हे महिने वाया गेले तर विसरा. आणि गुरुजी हात लावू देत नव्हते. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे, धड जेवत नव्हते. काकू म्हणाली, "तुझ्या त्या मशीनीत ह्यांचा आवाज हाये ना? तो घेऊन ये. सोताचं वाजवलेलं आयकून तरी उठतीन." मग फोनवरच रडायला लागली. त्या बाईला मी जन्मात रडताना ऐकलं नव्हतं.

कॉम्प्युटर चादरीत गुंडाळला, कीबोर्ड मांडीवर घेतला आणि औंढ्यावरून हिंगोली, तिथून जीपने पुसेगाव गाठलं. दुपारचे दोन वाजले असतील. लाईट होती. गुरुजींच्या खाटेजवळ स्टुलावर सगळं मांडलं. काकू पायथ्याशी बसली. शेजारचे नामदेवराव वायर लावायला मदत करत होते, तेही थांबले.

मी त्यांचीच एक आवडती गत वाजवली. आठ गुरुजी एकदम वाजू लागले. मला वाटलं, आता चेहरा उजळेल. गुरुजींनी ऐकलं आणि डोळे मिटून घेतले. जीभ जड झाली होती, तरी शब्द कळले — "मढं हाये ते." आणि तोंड भिंतीकडे वळवलं.

काकूने पदर तोंडाला लावला. मला तर तिथून पळून जावंसं वाटलं. शेवटचा वेडा उपाय म्हणून मी मान खाली घालून म्हणालो, "गुरुजी, चुकलं माझं. त्या दिवशी मी तुम्हाला बोलायला नको होतं." म्हणताना माझा डावा हात कीबोर्डवर टेकला. सगळ्यात खाली, कोऱ्या पट्ट्यांवर.

आणि सूर वाजला.

आधी नाकातून घेतलेला एक लांब श्वास. मग खालच्या तारेचा सा. भरदार, सरळ, अजिबात न हलणारा. पुरत्या सहा-सात मात्रा वाजला आणि हळूच विरला. नामदेवराव म्हणाले, "आयला, हा झ्याक आला!" त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत. मी मात्र चटकन हात उचलला. श्वास मी सगळे कापले होते हो! आणि ती तार तर रेकॉर्डच झाली नव्हती.

खाट करकरली. गुरुजींनी तोंड इकडे वळवलं होतं. डोळे लख्ख उघडे. "परत," ते म्हणाले.

मी तीच पट्टी दाबली. शांत. सातही दाबल्या. शांत. गुरुजी वाट बघत राहिले, मग काकूकडे वळून म्हणाले, "फिडल आन. खालची तार... राह्यली आमची." आणि डाव्या हाताने स्वतःचा उजवा हात उचलून तिच्यापुढे धरला. चोळायला! काकू हसू की रडू करत तेल आणायला धावली.

त्या संध्याकाळी आणि नंतर वसमतला मी तो कॉम्प्युटर उभा-आडवा पालथा घातला. असा सूर असलेली फाईल नाही, पुसलेल्या फायलींतही नाही. शेजारचा सूर खाली ओढून वाजवायची एक सोय असते, ती बंद होती, आणि तसा ओढलेला सूर चिखलात पाय ओढल्यासारखा येतो. एका मित्राने व्होल्टेजचं कारण सांगितलं. व्होल्टेज नाकातून श्वास घेतं का, असं मी त्याला विचारलं.

हाताला वेळ लागला. वर्ष उलटून गेल्यावर गुरुजी एसटीने वसमतला आले, फिडल घेऊन, काकूसकट. सात सुरांना आठ दिवस लागले. गज थरथरायचा, सूर हलायचा. "हलून राहिलं रे," ते खजील होऊन म्हणायचे. मी म्हणायचो, "हलू द्या, गुरुजी." श्वास एकही कापला नाही. मधूनच गतीत शिरले तर तीही रेकॉर्ड केली. ते सातही सूर आज माझ्या लायब्ररीत आहेत आणि सातही थरथरतात.

म्हणजे बघा — तो सरळ सूर गुरुजींनी आजारपणाआधी माझ्याकडे वाजवला नव्हता, आणि नंतर त्यांना तसा वाजवता आला नाही. मग तो कुणाचा?

परतीच्या गाडीची वाट बघताना स्टँडवर मी त्यांनाच विचारलं. ते म्हणाले, "माझाच की. मला माझा सूर वळखू येत न्हाई व्हय?"

"पण वाजवला कधी?"

गुरुजींनी उजव्या हाताची बोटं उघडमीट करून पाहिली. "वाजवायचा हाये अजून," ते म्हणाले, आणि गाडीत चढले.

मी आता कुणाकडे उत्तर मागत नाही. गुरुजी मात्र रोज सकाळी त्या खालच्या तारेवर तासभर बसतात. परवा काकूचा फोन आला होता — "म्हैस बिचकून राहिली, दूध दीना. पण आयकशील तर... लई कमी हलून राहिलं रे आता."

या रविवारी पुसेगावला चाललोय. माइक घेऊन.